कंपनीतली वकिली: सुरुवात वजनकाट्यापासून

2007 साली मी नागपूर खंडपीठातली ज्युनिअरशिप सोडली आणि बुटीबोरीच्या एका कारखान्यात विधी अधिकारी म्हणून रुजू झाले. आम्ही विजेच्या मनोऱ्यांचे लोखंडी अँगल बनवतो, त्यांना जस्ताचा मुलामा देतो आणि देशभर पाठवतो. पहिल्या तीन महिन्यांतच एका परराज्यातल्या कंत्राटदाराने 38 लाखांचं बिल अडवलं. दोन ट्रक माल पोचलाच नाही, असं त्याचं म्हणणं. मी आठवडाभर करार वाचत बसले. कलमं पाठ झाली, पैसा मात्र हलेना. शेवटी स्टोअरमधल्या काकांनी विचारलं, "मॅडम, पोच पायजे का? थे तर माह्याजवळच हाये जी." त्यांच्या लोखंडी कपाटात दोन्ही चलानं होती, समोरच्याच्या साइट इंजिनिअरच्या सही-शिक्क्यासह, आणि सोबत दोन्ही टोकांच्या वजनकाट्याच्या पावत्या. नोटिशीला त्यांच्या प्रती जोडल्या आणि महिन्याच्या आत रक्कम जमा झाली.

कंपनीत वकील म्हणून नाव काढायचं असेल तर काय करावं, असं लॉ कॉलेज चौकातली आणि वारंग्याच्या विधी विद्यापीठातली मुलं मला विचारतात. माझं उत्तर त्या कपाटापासून सुरू होतं. कोर्टात अशील कागद घेऊन तुमच्याकडे येतो. इथे कागद कोणाच्या खणात पडलाय हे तुम्हालाच शोधावं लागतं, आणि त्या खणाच्या मालकाशी तुमचं बोलणं असावं लागतं.

नोकरी धरण्याआधी

पगारावर पूर्ण वेळ नोकरी धरली की वकिली करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम 49 तसं स्पष्ट सांगतो. राज्याच्या बार कौन्सिलला कळवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करावी लागते. पुष्कळ जण हे पुढे ढकलतात. तसं करू नका. नोकरी सोडून परत कोर्टात जायचं ठरलं तर सनद पुन्हा सुरू करता येते, पण लपवलेली नोकरी पुढे कधीही अंगाशी येऊ शकते. नोकरीत असताना तुम्ही कंपनीचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून प्रतिज्ञापत्रावर सही कराल, साक्ष द्याल, बाहेरच्या वकिलांना माहिती पुरवाल. काळा कोट घालून युक्तिवाद मात्र करणार नाही. मला पहिली दोन वर्षं याची फार चुटपुट लागली. सिव्हिल लाइन्समधून जाताना खंडपीठाच्या इमारतीकडे नजर जायचीच. ज्यांना उभं राहून बोलण्याचीच ओढ आहे, त्यांनी हा रस्ता धरू नये.

दुसरी गोष्ट याच्याइतकीच मोलाची. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मधलं संरक्षण कंपनीच्या पगारी वकिलाला मिळत नाही. त्या पीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, ज्यांची स्वतःची वकिली आमच्या नागपूर खंडपीठात घडली. याचा रोजचा अर्थ असा: तुम्ही मालकाला पाठवलेला ईमेल उद्या कोर्टात वाचला जाऊ शकतो, असं धरूनच लिहा. "यात आपली चूक आहे" हे वाक्य ईमेलवर टाकू नका. नाजूक प्रकरण असेल तर आधीच बाहेरच्या, सनद चालू असलेल्या वकिलांचं मत घ्या.

एक-दोन सल्ले झटपट. निदान दोन-तीन वर्षं एखाद्या दिवाणी काम करणाऱ्या सीनियरकडे काढा. खटला कसा सडतो हे ज्याने पाहिलं नाही त्याला करार लिहिता येत नाही. कंपनी सेक्रेटरीची परीक्षा देता आली तर द्या, कारण आपल्याकडच्या मध्यम कंपन्यांत विधी विभाग म्हणजे बहुतेकदा सीएस आणि त्यांच्या शेजारचं एक टेबल. वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉयल अशा सार्वजनिक उपक्रमांची मुख्यालयं नागपुरातच आहेत. तिथल्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. हिंगणा, बुटीबोरी, मिहान इथल्या खासगी कारखान्यांत मात्र जाहिरात क्वचित निघते. ज्या सीनियरकडे कंपन्यांचं काम आहे, त्यांच्या ऑफिसातूनच तिथली वाट सापडते.

पहिलं वर्ष

पहिला महिना केबिनमध्ये बसू नका. गेटवर बसा, डिस्पॅचला बसा, अकाउंट्समध्ये बसा. पर्चेस ऑर्डर कोण काढतं, माल आल्यावर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, कोण बनवतं, ई-वे बिल कोणाच्या लॉगिनने निघतं, पोच कोण सांभाळतं, हे वहीत लिहून काढा. वाद उभा राहिला की यातल्याच कोणीतरी साक्षीला उभं राहणार आहे.

मग तारखांचं रजिस्टर करा. हे मी ठेचकाळून शिकले. 2009 मध्ये एका पुरवठादाराची 12 लाखांची बँक गॅरंटी, म्हणजे तो चुकला तर बँक पैसे देईल अशी हमी, आमच्याकडे होती. त्याचा माल निकृष्ट निघाला. मी त्याच्याशी पत्रव्यवहार करत राहिले आणि गॅरंटीवर दावा करायची मुदत शनिवारी संपली. मला ते सोमवारी कळलं. बँकेने दावा नाकारला, आणि तो नाकारणं बरोबरच होतं. चूक सर्वस्वी माझी होती. मी साहेबांना त्याच दिवशी, कोणी विचारायच्या आत, सांगितलं. त्या संध्याकाळपासून माझ्या टेबलावर एक लाल रजिस्टर आहे. आज संगणक आठवण करून देतो, तरी ते रजिस्टर मी बंद केलेलं नाही. दर सोमवारी सकाळी पुढच्या 60 दिवसांची पानं उलटते.

त्यात काय असावं? बँक गॅरंट्यांच्या मुदती आणि दाव्याच्या तारखा. न वटलेले चेक: बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला 15 दिवस, त्यानंतर एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली फिर्याद. लवादाचा, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाचा, निवाडा विरोधात गेला तर आव्हानाला तीन महिने, पुरेसं कारण असेल तर आणखी 30 दिवस, आणि त्यापुढे एक दिवसही नाही. व्यापारी दाव्यात लेखी कैफियतीला कमाल 120 दिवस. आणि थकबाकीसाठी दावा लावायची तीन वर्षांची मुदत. या शेवटच्या बाबतीत अकाउंट्सवाले तुमचे सगळ्यात मोठे साथीदार. दर मार्चअखेरीला ते ग्राहकांना बॅलन्स कन्फर्मेशनची, म्हणजे इतकी बाकी आहे हे कबूल करून घेणारी, पत्रं पाठवतात. मुदत संपायच्या आत ग्राहकाने त्यावर सही केली, तर मुदत कायद्याच्या कलम 18 नुसार तीन वर्षं नव्याने सुरू होतात. ऑडिटसाठी म्हणून फायलीत गेलेल्या त्या एका कागदाने आमची दोन जुनी येणी जिवंत ठेवली आहेत. त्या सह्या आणवण्यासाठी मी आजही स्वतः फोन करते.

करार वाचताना

मोठ्या सरकारी कंपनीचा दीडशे पानांचा करार आला की नवीन वकील पानापानाला लाल खुणा करतो. समोरचा त्यातली एकही मान्य करत नाही, आणि आपल्या सेल्सवाल्यांच्या मनात बसतं की वकील म्हणजे खोडा. आम्ही लहान, ते मोठे. सगळं बदलून मिळणार नाही. मी तीनच जागांवर अडून बसते.

पहिली, पैसे कशावर अवलंबून आहेत. "साइटवर उभारणी झाल्यावर" असं असेल तर आपला पैसा दुसऱ्याच ठेकेदाराच्या कामावर टांगला जातो. तो माल पोचण्याशी किंवा कारखान्यातल्या तपासणीशी जोडून घ्या. दुसरी, उशिराचा दंड. आमच्या धंद्यात आठवड्याला अर्धा टक्का, कमाल दहा टक्के असं कलम नेहमी दिसतं. टक्क्यावर भांडण्यापेक्षा तो कशावर मोजायचा हे ठरवा: संपूर्ण ऑर्डरच्या किमतीवर की फक्त उशीर झालेल्या मालावर. या एका शब्दरचनेत लाखोंचा फरक पडतो. तिसरी, लवाद. एकमेव लवाद ग्राहक कंपनीचा अधिकारी ठरवेल, असं कलम अजूनही छापून येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालात आणि 2024 मध्ये घटनापीठाने अशा एकतर्फी नेमणुकीला नकार दिला आहे. ते निकाल नम्रपणे पत्रात लिहिले की कलम बदलून मिळतं, निदान माझ्या अनुभवात अनेकदा मिळालं. लवादाचं ठिकाण नागपूर करून घेता आलं तर उत्तमच.

आपणही कोणाचे तरी ग्राहक असतो, हे विसरू नका. हिंगण्याचा नटबोल्टवाला उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु पुरवठादार असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने त्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. त्या वादात त्याच्या बाजूने झालेल्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर आधी 75 टक्के रक्कम भरा. मी आमच्या पर्चेसवाल्यांना कायदा म्हणून हे सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं नाही. व्याजाचं गणित एका कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ऐकलं. लहान माणसाचे पैसे वेळेवर जावेत, असं मला मनापासूनही वाटतं.

आणखी एक, जे मला दर वर्षी कोणाला तरी सांगावं लागतं. कर्मचाऱ्यांसाठी फ्लॅट घेताना "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी नको" हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवं.

मालकाशी बोलताना

आमचे मोठे साहेब, ज्यांना सगळा कारखाना भैयाजी म्हणतो, माझी पहिली सहा पानी टिप्पणी उलटसुलट करून म्हणाले, "मॅडम, करू की नको?" तेव्हापासून माझी टिप्पणी एका पानाची. पहिल्या ओळीत उत्तर, मग किती रुपयांचा धोका आहे, मग तो कमी कसा होईल. "नाही" लिहिलं तर खाली दुसरी वाट लिहायचीच. वाट खरंच नसेल तर तसं ठामपणे लिहा आणि कितीही आग्रह झाला तरी मागची तारीख टाकून कागद करू नका. मला एकदा तसं सुचवलं गेलं होतं. मी नकार दिला, दोन महिने केबिनमध्ये कोणी फारसं फिरकलं नाही. पण नंतर सही करायच्या आधी विचारायला याच केबिनमध्ये लोक येऊ लागले.

यंदा जूनमध्ये एक मुलगी माझ्या हाताखाली रुजू झाली. हुशार आहे, विद्यापीठात पदक मिळवलेली. पहिले दोन आठवडे मी तिला वजनकाट्यावर बसवलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. दहाव्या दिवशी ती दोन पावत्या घेऊन आली. "मॅडम, गाडी एकच, दिवसही एकच. मग रिकाम्या गाडीचं वजन दोनदा वेगळं कसं?" मी चष्मा लावला, पावत्या शेजारी ठेवून पाहिल्या. तिचं बरोबर होतं. "चल," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी काट्याकडे निघालो.