राज्य संघाचे अष्टपैलू होऊ पाहणाऱ्यांसाठी

निमंत्रितांच्या साखळी स्पर्धा, निवड चाचण्या, एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडक, मग तेवीस वर्षांखालील सी. के. नायुडू करंडक आणि शेवटी रणजी, ही वाट तुम्हाला ठाऊक असेलच. मध्यमगती गोलंदाजी आणि सहाव्या-सातव्या क्रमांकावर फलंदाजी करणारा मुलगा या वाटेवर नेमका कुठे अडतो, ते मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मी तिथेच अडलो आणि त्याची सल अजून गेलेली नाही.

अष्टपैलू खेळाडूच्या श्रमांचा पूर्ण हिशेब कोणाकडेच नसतो. सामन्यातली षटके धावफलकात नोंदली जातात. पण नेट्समध्ये फलंदाजांना टाकलेले चेंडू, महाविद्यालयीन सामन्यांतली गोलंदाजी आणि निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी लय तपासण्यासाठी टाकलेली षटके कुठेच लिहिली जात नाहीत. क्लबचे प्रशिक्षक आपल्यापुरते मोजतात, जिल्हा संघाचे आपल्यापुरते, आणि दोघांनाही मुलगा ताजातवाना वाटतो. प्रतिस्पर्ध्यांचा डाव संपल्यावर निव्वळ गोलंदाज विश्रांती घेतो, तर आपण त्याच थकलेल्या पाठीने पॅड बांधतो. पावसाळ्यात मैदाने बंद असतात आणि उघडीप मिळताच सामने एकदम सुरू होतात, त्यामुळे हा भार हळूहळू न वाढता अचानक चढतो.

विशीच्या आसपास कमरेचे मणके पुरते पक्के झालेले नसतात. चेंडू टाकताना पाठ मागे व बाजूला झुकून वळते. तोच ताण पुन:पुन्हा पडला आणि हाडाला सावरायला वेळ मिळाला नाही, की मणक्याला बारीक तडा जातो, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याची कंबर डावीकडे दुखू लागली आणि मागे वाकल्यावर दुखणे वाढले, तर स्नायू आखडला असे समजून शेकत बसू नका. सुरुवातीचा तडा साध्या एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही. माझा एक्स-रे निर्दोष आला, वेदनाशामक गोळ्यांवर मला खेळवले गेले आणि एमआरआयमध्ये तडा दिसला तेव्हा तो हंगाम हातचा गेला होता.

तरीही घाबरू नका. वेळेवर विश्रांती मिळाली तर असा तडा बहुधा भरून येतो. जसप्रीत बुमराहलाही २०१९ मध्ये पाठीच्या अशाच दुखापतीने थांबवले होते. एक वही घाला, नेट्ससह टाकलेला प्रत्येक चेंडू तीत लिहा, दर आठवड्याची बेरीज करा आणि ती दोन्ही प्रशिक्षकांना दाखवा. जो प्रशिक्षक ती वही पाहून चिडेल, तो तुमच्या कामाचा नाही. नावाजलेल्या माजी खेळाडूच्या एक दिवसाच्या शिबिरापेक्षा तुमच्या संघाचा ट्रेनर मला अधिक मोलाचा वाटतो.

पैसे घेऊन संघात घालून देतो म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका. वय चोरण्याचा सल्ला तर ऐकूही नका; मनगटाच्या हाडांची चाचणी होते, आणि पकडला गेलेला मुलगा खेळातून बाहेर फेकला जातो.

आयपीएलमधल्या इम्पॅक्ट प्लेअरच्या, म्हणजे सामना चालू असताना एक खेळाडू बदलून दुसरा उतरवण्याच्या, नियमामुळे अष्टपैलूंचे दिवस संपले, असे तुम्हाला ऐकवले जाईल. रणजीत तो नियम नाही, आणि राज्य संघांच्या टी-२० मुश्ताक अली करंडकातूनही तो २०२४-२५ पासून काढून टाकला आहे. त्याच हंगामात विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळींचा रणजी विक्रम केला, खालच्या फळीत ४७६ धावाही जोडल्या आणि विदर्भाने करंडक जिंकला. पैशांची चिंता घरचे करतीलच; त्यांना सांगा की बीसीसीआयच्या २०२१ मधील मानधनवाढीनुसार रणजीच्या अंतिम अकरांतील खेळाडूला अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात, राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. पण तिथे पोहोचणारे थोडेच असतात, म्हणून पदवी अर्धवट सोडू नका.

दुखापतीनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली, की आधी केवळ फलंदाज म्हणून परता. किती आठवडे गोलंदाजी करणार नाही, हे निवड समितीला चाचणीपूर्वीच लेखी कळवा आणि सोबत अहवालाची प्रत जोडा. तोंडी सांगितलेले कर्णधारापर्यंत पोहोचत नाही, आणि मैदानात त्याने चेंडू हातात दिल्यावर नाही म्हणणे त्या वयात कोणालाच जमत नाही.