पार्टनरला हर्पीज लागायची रिस्क किती, हे कसं बघायचं

आधी एक गोंधळ मिटवते. आपल्याकडे हर्पीज म्हटलं की लोकांना नागीण आठवते, पण ती हर्पीज झोस्टर, तिचा व्हायरस कांजिण्यांचा. मी बोलतेय ते एचएसव्हीबद्दल, म्हणजे हर्पीज सिम्प्लेक्स व्हायरसबद्दल. त्याचे टाइप दोन, १ आणि २, आणि आपला टाइप कुठला, तो ओठावर आहे की खाली, म्हणजे गुप्तांगावर, हे माहीत नसेल तर रिस्कचा सगळा हिशोब अंदाजपंचे.

त्यासाठी फोड ताजे असताना, पहिल्या एक-दोन दिवसांत, स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन पीसीआर स्वॅब द्यायचा, म्हणजे फोडावर कापसाची काडी फिरवून त्यात व्हायरस आहे का हे बघतात. मी लाजेपायी आठवडाभर घरी बसले, तोवर खपल्या धरल्या, मग एका लॅबने रक्तातल्या अँटीबॉडीची एक टेस्ट, आयजीएम, केली, ती पॉझिटिव्ह आली आणि मी रात्रभर रडले. नंतर कळलं की आयजीएमवरून टाइपही धड कळत नाही आणि इन्फेक्शन नवं की जुनं तेही नाही. रक्तच द्यायचं तर टाइपनुसार आयजीजी ही अँटीबॉडीची दुसरी टेस्ट, तीही संबंधानंतर साधारण १२ आठवड्यांनी, आणि रिपोर्टमधला पॉझिटिव्हचा आकडा (इंडेक्स) ३ च्या खाली असेल तर पॉझिटिव्ह चुकीचं असू शकतं, दुसऱ्या टेस्टने खात्री करा. खिशाला परवडत नसेल तर सरकारी हॉस्पिटलमधलं सुरक्षा क्लिनिक गाठा, तिथे तपासणी आणि औषधं फुकट असतात.

खाली टाइप १ असेल तर तो सहसा पहिल्या वर्षातच बराच शांत होतो. टाइप २ तसा नाही. ज्यांना फोड येतात त्यांचे रोज स्वॅब घेतले तेव्हा साधारण ५ दिवसांतून १ दिवस व्हायरस सापडला, आणि त्यातल्या बऱ्याच दिवशी अंगावर काहीच दिसत नव्हतं. म्हणून "फोड नाहीत म्हणजे सेफ" हे मनातून काढा. पुरुषाकडून बाईला लागायची शक्यता उलटपेक्षा जास्त असते. आणि पार्टनरचीही टेस्ट हवीच, कारण टाइप २ असलेल्या बऱ्याच जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसतं, दोघांचा टाइप एकच निघाला तर ही काळजी जवळजवळ संपते.

आता आकडे. २००४ मध्ये १४८४ जोडप्यांचा एक अभ्यास छापून आला, एकाला टाइप २, दुसऱ्याला नाही. सगळ्यांना कंडोम वापरायला सांगितलेलं. ८ महिन्यांत औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या गटात ३.६ टक्के पार्टनरना लागण झाली, व्हायरस दाबणारी व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिग्रॅ रोज घेणाऱ्यांच्या गटात १.९ टक्के. म्हणजे जवळपास निम्मी. गोळी डॉक्टरला विचारूनच. कंडोम जेवढी कातडी झाकतो तेवढंच वाचवतो, मांडीची बाजू, जांघ उघडीच राहते, तरी तो नेहमी वापरला तर खूप फरक पडतो. आणि मुंग्या, जळजळ, पायात कळ असं काही सुरू झालं की तिथून खपली पडून नवी कातडी येईपर्यंत संबंध पूर्ण बंद, कंडोम लावूनही नाही. ओठावर फोड असेल तर मुखमैथुनही नाही, टाइप १ खाली जातो तो असाच.

सांगायचं कधी? कपडे उतरायच्या आधी. मी माझ्या पार्टनरला रविवारी सकाळी चहा घेताना सांगितलं. "मला हर्पीज आहे, टाइप २, वर्षातून दोनदा येतो, रोज गोळी घेते, तुला लागायची शक्यता कमी आहे पण शून्य नाही, तू टेस्ट कर, मग ठरवू." तो म्हणाला, "म्हणजे आयुष्यभर?" मी हो म्हटलं. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी त्याने स्वतःचा रिपोर्ट पाठवला आणि विचारलं, गोळी चुकली तर काय करायचं. ते चार दिवस त्याचे होते, मी मेसेज करून घाई केली नाही.

एका ठिकाणी मात्र हा हिशोब बदलतो, प्रेग्नन्सी. बाईला आधीपासून हर्पीज असेल तर डिलिव्हरीत बाळाला लागायची शक्यता १ टक्क्याहून कमी, पण शेवटच्या दिवसांत पहिल्यांदा लागण झाली तर ती ३० ते ५० टक्क्यांवर जाते. त्यामुळे नवऱ्याला आहे आणि बायकोला नाही, तर शेवटचे तीन महिने संबंध नकोत, आणि हे दोघांनी मिळून बाळंतपणाच्या डॉक्टरला पहिल्या व्हिजिटलाच सांगा.