फ्रेंच वाइन घेताना या चुका टाळा: आधी जमीन, मग बाटली

लेबलावर ‘ग्राँ क्रू’ (फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात द्राक्षमळ्याचा सर्वांत वरचा दर्जा) हे दोन शब्द दिसले की लोक लगेच पाकीट काढतात. हे बघून माझा जीव तुटतो, कारण हीच चूक मी केली होती आणि ती फार महागात पडली.

बर्गंडीतल्या बोन गावच्या एका दुकानातून मी ‘क्लो द वूजो’ या ग्राँ क्रू मळ्याची बाटली घेतली. प्रवासखर्चाचा मोठा हिस्सा तिच्यातच गेला. पुण्याला आणून थोरल्या भावाच्या साठीला उघडली. वास जेमतेम, चव पाणचट, घोट गिळल्यावर मागे काही उरेना. वहिनींनी हळूच विचारलं, “भावोजी, खराब झालीय का हो?” ती खराब झाली नव्हती. घेतानाच माझं चुकलं होतं.

पुढच्या खेपेला त्या मळ्याच्या भिंतीच्या कडेनं वरपासून खालपर्यंत चाललो. मळा सुमारे ५० हेक्टरचा, बाराव्या शतकात सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवाल्यांनी लावायला घेतलेला. वरच्या अंगाला माती पातळ, चुनखडीचे खडे पायाखाली करकरतात, पाणी थांबत नाही. खाली हमरस्त्याजवळ आलो तर आदल्या रात्रीच्या पावसानं चिकणमाती बुटांना किलोकिलोनं चिकटली. मळा १८८९ पर्यंत एकाच मालकाकडे होता, मग विकला गेला आणि तुकडे पडत गेले. सातबाऱ्यावर नावं वाढत जावीत तसे आज तिथे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. वरचा असो की खालचा, दर्जा सगळ्यांना एकच, ग्राँ क्रू! माझ्या बाटलीवाल्याचा तुकडा रस्त्याला लागून होता.

तेव्हापासून मी लेबलावर आधी उत्पादकाचं नाव वाचतो आणि त्याच्या वेली मळ्यात नेमक्या कुठे आहेत ते विचारतो. दुकानदाराला सांगता आलं नाही तर बाटली परत ठेवतो. ॲपवरचे तारे मी बघत नाही. ज्याला नकाशा उघडायचा कंटाळा आहे, त्यानं बर्गंडीवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

अशीच गफलत जेव्रे-शांबेर्तँची. बर्गंडीतल्याच जेव्रे गावानं १८४७ मध्ये आपल्या सर्वांत नामांकित मळ्याचं नाव स्वतःला जोडून घेतलं. नुसतं ‘शांबेर्तँ’ म्हणजे तो मळा, ‘जेव्रे-शांबेर्तँ’ म्हणजे गावची वाइन. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

‘प्रमिए क्रू’ हा दर्जा बर्गंडीत दुसऱ्या पायरीवर, तर बोर्दो प्रांतातल्या मेदोक भागात सर्वांत वर. तिथली १८५५ ची प्रतवारी मळ्यांची नव्हे, शातोंची, म्हणजे वाइन करणाऱ्या इस्टेटींची आहे. लेबलावरच्या ‘ग्राँ व्हँ द बोर्दो’ (बोर्दोची थोर वाइन) या शब्दांना प्रतवारीत काहीच अर्थ नाही.

दुसरी चूक आपल्याकडची. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य थंड दगडी घरांतून आलंय. पुण्यात मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असते. त्या उष्म्यात पिनो न्वारचा, म्हणजे बर्गंडीच्या रेड वाइनच्या द्राक्षाचा, नाजूक सुगंध हरवतो आणि नाकात नुसतं अल्कोहोल जातं. मी बाटली दोन-अडीच तास फ्रीजमध्ये ठेवतो आणि पंधरा-सोळा अंशांना ओततो. घाईत कुणी ग्लासात बर्फ टाकायला निघालं तर मी हात धरतो. मळेवाल्याची वर्षभराची मेहनत पाण्यात घालवायची नसते.

मेदोकमधल्या पोयाक गावची चांगली बाटली तीन वर्षांतच फोडू नका, टॅनिननं (द्राक्षाच्या सालीबियांतल्या तुरट द्रव्यानं) तोंड आवळतं. जुन्या बोर्दोची बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ खाली बसतो. एरवी बुचाची बाटली आडवी ठेवा, नाहीतर बूच वाळतं.

परदेशातून येताना माणशी दोनच लिटर ड्यूटी-फ्री आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या. नवख्यांनी त्यात एक महागडा ग्राँ क्रू कोंबण्याची घाई करू नये. मी एकाच उत्पादकाच्या, एकाच सालच्या, शेजारशेजारच्या दोन मळ्यांच्या बाटल्या आणतो आणि दोन्ही एकाच संध्याकाळी उघडतो. बांधाच्या अलीकडे-पलीकडे चव कशी बदलते, ते मला तिथेच कळलं.