जुनी जॅप स्पीडवे मोटारसायकल चालू स्थितीत कशी राखावी

स्पीडवेच्या मोटारसायकलला ब्रेक नसतात, गिअर एकच असतो आणि चार फेऱ्यांची शर्यत साधारण एका मिनिटात संपते. मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चार स्वार घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सतत डावीकडे वळत, मागचे चाक घसरवत धावतात. ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे जॉनी हॉस्किन्स यांनी १९२३ च्या डिसेंबरात भरवलेल्या शर्यतींना या खेळाच्या जन्माचे श्रेय सहसा दिले जाते. ब्रिटनमध्ये त्याची लाट उसळली ती १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच येथे झालेल्या शर्यतींनंतर. सुरुवातीला लांबलचक बांध्याच्या डग्लस गाड्यांचा दबदबा होता. १९३० मध्ये उत्तर लंडनमधील टॉटनम येथील जे. ए. प्रेस्टविच यांच्या कारखान्याने, म्हणजेच जॅपने, खास या खेळासाठी एक सिलिंडरचे इंजिन काढले आणि पुढची सुमारे तीस वर्षे स्पीडवे म्हणजे जॅप असे समीकरणच होऊन बसले.

ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एखाद्या हौशी वाचकाच्या हाती अशी गाडी आली, तर ती चालू कशी करावी आणि चालू स्थितीत कशी ठेवावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे. माझे मत आरंभीच सांगतो: ही इंजिने ट्रॅकवर जितकी बिघडतात, त्याहून अधिक ती दोन शर्यतींच्या मधल्या काळात गॅरेजमध्ये उभ्या उभ्या बिघडतात. याचे कारण त्यांत वापरल्या जाणाऱ्या दोन द्रवांत आहे. एक इंधन म्हणून मिथेनॉल आणि दुसरे वंगण म्हणून एरंडेल.

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात येऊ शकणारा एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. जॅपला नंतर मागे टाकले ते चेकोस्लोव्हाकियातील एसो या इंजिनाने, आणि एसो नंतर जावाच्या नावाने विकले जाऊ लागले. परंतु म्हैसूरला तयार होणाऱ्या ज्या जावा आणि येझदी आपण रस्त्यावर पाहिल्या, त्यांचे इंजिन टू-स्ट्रोक होते. स्पीडवेची जावा ५०० सीसीची फोर-स्ट्रोक आहे. नाव एक असले तरी भंगार बाजारातल्या येझदीचे सुटे भाग तिथे काहीही कामाचे नाहीत.

पहिली तपासणी

गाडी घरी आल्यावर ती लगेच धक्का मारून सुरू करण्याचा मोह आवरावा. जॅपच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९९ मिलिमीटर, म्हणजे इंजिन ४९७ सीसीचे भरते. मिथेनॉलवर चालताना त्याचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, १४ ला १ इतके चढे ठेवले जात असे. एवढ्या दाबाखाली पिस्टनची अडकलेली रिंग किंवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, साचलेले तेल क्षणात मोठे नुकसान करू शकते. म्हणून प्रथम प्लग काढावा, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून रात्रभर तसेच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी मागचे चाक हाताने सावकाश फिरवून पाहावे. कुठे खरखर लागली, एकाच जागी जडपणा जाणवला, तर पुढे न जाता इंजिन उघडावे. क्रँककेसचा खालचा बोल्ट सोडून आत काय आहे तेही पाहावे. ताकासारखा पांढरट द्रव आला, तर पूर्वीच्या मालकाने शेवटच्या शर्यतीनंतर गाडी तशीच लावून ठेवली होती असे समजावे, आणि बेअरिंगांवर गंज असणार हे गृहीत धरून खर्चाचा अंदाज बांधावा.

मॅग्नेटोची, म्हणजे प्लगला वीज पुरवणाऱ्या चुंबकी यंत्राची, ठिणगी इंजिन थंड असताना पाहून समाधान मानू नये. जुन्या मॅग्नेटोच्या गुंडाळीवरील लाखेचा लेप उष्णतेने मऊ होतो आणि आतला कंडेन्सर थकलेला असतो. परिणामी गाडी सकाळी उत्तम सुरू होते आणि इंजिन तापल्यावर ठिणगी नाहीशी होते. मॅग्नेटो जाणकाराकडून नव्याने गुंडाळून आणि चुंबक पुन्हा भारून घेणे हा या छंदातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे, असे मला वाटते. फ्रेम जॅपच्या कारखान्यात होत नसत. रोट्रॅक्स, एक्सेल्सियर अशा निरनिराळ्या नावांच्या फ्रेम आढळतात. त्या मुद्दाम हलक्या बनवलेल्या असल्यामुळे प्रत्येक जोड रंग खरवडून, भिंगातून तपासावा. ताज्या रंगाखाली तडा लपलेला असू शकतो.

इंधन आणि तेल

पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर मिथेनॉलला साडेसहा भागांच्या आसपास पुरते. याचा व्यवहारातला अर्थ असा की तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून अधिक जाते, आणि म्हणून कार्बोरेटरचा जेट (इंधन सोडणारे छिद्र), फ्लोटची सुई, टाकीचा नळ आणि नळी हे सगळेच पेट्रोलच्या गाडीपेक्षा मोठ्या वाटेचे असावे लागते. केवळ जेट मोठा बसवून नळी जुनीच ठेवली, तर सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिन उपाशी पडते. मिथेनॉल बाष्प होताना पुष्कळ उष्णता शोषून घेते. त्यामुळे हेड तापलेले असतानाही कार्बोरेटरला हात लावल्यास तो गार लागतो, दमट हवेत त्यावर दवही धरते. या गारव्यामुळेच इतके चढे कॉम्प्रेशन इंजिनाला सोसते. मिश्रणात इंधन जरा जास्त असेल तर फारसे बिघडत नाही, पण कमी पडले तर पिस्टन जळतो. पेट्रोलच्या गाडीत प्लगचा रंग पाहून मिश्रणाचा जसा ठाव घेता येतो, तसा येथे सहजी येत नाही. म्हणून मोठ्या जेटपासून सुरुवात करून एकेक पायरी खाली यावे.

मिथेनॉल हाताळताना हयगय करू नये. ते त्वचेतून शरीरात भिनते, दृष्टी घालवते आणि जीवही घेते. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच रसायनामुळे. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे स्वार जळत असल्याचे भोवतालच्यांना कळायलाही वेळ लागतो. इंधन भरताना रबरी हातमोजे घालावेत, डबा स्पष्ट नाव लिहून मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा आणि जवळ भरपूर पाणी असू द्यावे. मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळत असल्यामुळे भरपूर पाणी ओतून ही आग विझवता येते. पेट्रोलच्या आगीवर मात्र हा उपाय करू नये.

आता एरंडेल. ज्यांना लहानपणी नाक दाबून ते पाजले गेले, त्यांना या तेलाच्या धुराचा वास घ्यायला लोक तिकीट काढून स्टेडियमवर जात हे खरे वाटणार नाही. जगातील एरंडेलाचा मोठा वाटा आपल्या शेजारच्या गुजरातेत तयार होतो, हा आणखी एक योगायोग. इंजिनात ते वापरण्याची कारणे दोन आहेत. प्रचंड उष्णतेतही त्याचा थर भागांवरून सहजी तुटत नाही, आणि ते मिथेनॉलमध्ये विरघळते. रिंगांच्या फटीतून क्रँककेसमध्ये झिरपलेले मिथेनॉल खनिज तेलात मिसळत नाही, ते वेगळे राहते. दुकानात शर्यतीसाठी म्हणून मिळणारे शुद्ध केलेले एरंडेलच घ्यावे. औषधाच्या बाटलीतले वापरू नये. खनिज तेल आणि एरंडेल एकत्र कधीही करू नये, कारण त्यांचा चिकट गाळ होऊन तेलाच्या वाटा बुजतात. आधीच्या मालकाने कोणते तेल वापरले हे ठाऊक नसेल, तर इंजिन उघडून धुण्याला पर्याय नाही. जॅपमध्ये वापरलेले तेल टाकीत परत येत नाही, ते बाहेर पडते. म्हणून पंपाचा प्रवाह नीट लावणे आणि बाहेर पडणारे तेल झेलणारी बाटली बसवणे, दोन्ही आवश्यक आहे.

सुरू करणे आणि पहिल्या फेऱ्या

थंडीत एरंडेल काकवीसारखे दाट होते. ते पंपाने वर चढावे यासाठी तेलाचा डबा आधी गरम पाण्यात ठेवून कोमट करावा. नंतर तेलाचा नळ उघडावा. हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण बंद नळाने निकामी झालेल्या इंजिनांचे किस्से या छंदात जागोजागी ऐकू येतात. प्लग काढून चाक फिरवत पंपातून तेल येत असल्याची खात्री करावी आणि मगच प्लग बसवावा. मिथेनॉल थंडीत पेट घ्यायला कुरकुरते, तेव्हा कार्बोरेटरच्या तोंडाशी पेट्रोलचे काही थेंब सोडण्याची जुनी युक्ती उपयोगी पडते. गाडी कॉम्प्रेशनला अडेपर्यंत मागे ओढावी, क्लच दाबून दोघांनी ढकलावी आणि वेग आला की क्लच सोडावा. इंजिन लागल्यावर मागचे चाक स्टँडवर उचलून ते मध्यम गतीने तापू द्यावे.

स्वार होण्यापूर्वी इग्निशन तोडणाऱ्या दोरीचे टोक मनगटाला बांधावे. स्वार पडला की ती ओढली जाऊन इंजिन बंद पडते. ब्रेक नसलेल्या, स्वाराविना सुटलेल्या गाडीला थांबवणारे दुसरे काहीही नसते. डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा चढवावा, कारण वळणावर तोच पाय जमिनीवरून घसरत जातो. १९३० च्या सुमाराचे स्वार डावा पाय मागे फरफटत नेत. हलक्या जॅप गाड्यांबरोबर पाय पुढे ठेवण्याची पद्धत रूढ झाली, आणि शिकणाऱ्याने तीच धरावी.

नवशिक्याच्या हातून होणारी सर्वांत घातक चूक वेगाची नसते. मागचे चाक घसरू लागले की तो घाबरून वेगाची मूठ एकदम बंद करतो. त्या क्षणी चाक अचानक पकड घेते, गाडी ताडकन उभी राहते आणि स्वाराला बाहेरच्या कुंपणाकडे भिरकावते. घसरण चालू ठेवायची तर मूठ किंचित उघडीच ठेवावी, हँडल घसरणीच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, वळू द्यावे आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. हे वाचून येत नाही. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रिकाम्या ट्रॅकवर, अर्ध्या मुठीने, दोनदोनच फेऱ्या मारून ते अंगवळणी पाडावे. इंजिन धापा टाकत असेल किंवा सरळ पट्ट्यावर उगाच किंचाळत असेल, तर मागचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) बदलावे. ५४ ऐवजी ५५ दात्यांचे बसवल्यास गुणोत्तर दोन टक्क्यांहूनही कमी बदलते, पण छोट्या ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना तेवढाही फरक जाणवतो.

त्याच संध्याकाळी

शेवटची फेरी झाल्यावर इंधनाचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, मात्र ते अडखळू लागताच मूठ मिटावी. टाकी पूर्ण रिकामी करावी. उरलेले मिथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि ते पाणी व मिथेनॉल मिळून कार्बोरेटरचा मिश्रधातू खातात. काही आठवड्यांत जेटमध्ये पांढरी भुकटी जमते. टाकी, नळी आणि कार्बोरेटर पेट्रोलने खळबळून कोरडे करावेत. या इंजिनात पेट्रोल भरून ते जोराने फिरवू नये, त्या कॉम्प्रेशनला ते ठोके देऊ लागते.

पेट्रोलने एरंडेल मात्र नीट निघत नाही, ते स्पिरिटने निघते. क्रँककेसचा बोल्ट सोडून जमलेले तेल गरम असतानाच काढावे. आठपंधरा दिवसांत पुन्हा गाडी काढायची असेल, तर सिलिंडरमध्ये ताज्या एरंडेलाची एक पळी सोडून इंजिन हाताने काही वेळा फिरवावे आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून ठेवावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहून आत दमट हवा शिरत नाही. संपूर्ण हिवाळा गाडी उभी राहणार असेल, तर एरंडेलावर विसंबू नये, कारण ते हवेने सुकून लाखेसारखे कडक होते. अशा वेळी इंजिन सोडवून सर्व भाग स्पिरिटने धुवावेत, गंजरोधक तेल लावावे आणि मोसमापूर्वी तेही तितक्याच कसोशीने धुऊन काढावे. शेवटी तेलाचा नळ बंद करावा, आणि तो बंद आहे असे ठळक अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी क्लचच्या दांडीला बांधावी, म्हणजे ती सोडल्याशिवाय गाडी ढकलताच येणार नाही.