रिबॉयलरला स्टीम जास्त लागत होती, दोष निघाला लीन-रिच एक्स्चेंजरमध्ये (माझा अनुभव)

तळोजा एमआयडीसीत आमचा छोटा अमाईन प्लांट आहे, म्हणजे वायूतला सीओटू पकडणारा, त्यात ३० टक्के एमईएचं (मोनोइथेनॉलअमाईन) द्रावण फिरतं. सीओटू घेतलेलं द्रावण म्हणजे रिच, स्ट्रिपर टॉवरमध्ये रिबॉयलरच्या उष्णतेने सीओटू काढून टाकलेलं म्हणजे लीन. सीओटू तेवढाच पकडला जातोय पण रिबॉयलरला स्टीम मात्र रोज थोडी थोडी वाढतेय. आधी स्टीम ट्रॅप बदलला, मग अँटीफोम टाकलं, शेवटी रिबॉयलरच उघडला तर आतून चकाचक, डोकंच फिरलं.

मग एक्स्चेंजरच्या (यात गरम लीन थंड रिचला तापवतं) चारही नोझलवर टेम्परेचर घेतलं. गरम लीन ११८ अंशांनी आत येतंय आणि स्ट्रिपरकडे जाणारं रिच फक्त ९२, हा फरक १० च्या आसपास हवा, म्हणजे उरलेलं तापवायचं काम बिचारा रिबॉयलर करत होता.

आधी रिच साइडचा फिल्टर बदलला (नाहीतर परत तेच), मग एक्स्चेंजर आयसोलेट करून ड्रेन, डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने फ्लश, मग प्लेटा उघडल्या तर डांबरासारखा काळा चिकट गाळ. धुवून त्याच क्रमाने लावल्या, आवळताना पॅकची जाडी टेपने मोजली. चालू केल्यावर रिच १०७.

स्टीम त्यानंतरच कमी केली, तीही थोडी थोडी, दर वेळी तासाभराने लीनचं टायट्रेशन, लोडिंग (एमईएच्या दर मोलमागे उरलेला सीओटू, मोलमध्ये) ०.२ च्या वर जाऊ दिलं नाही. रिबॉयलर १२० च्या वर न्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, एमईए खराब होतं आणि तोच गाळ परत.