पावसाळ्यातील ओतकाम: भंगार आधी वाळवावे
पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणारे वापरलेले पिस्टन लहान इंजिनाचे भाग ओतण्यासाठी उत्तम, कारण त्यांतील सिलिकॉनमुळे ॲल्युमिनियमचा रस साच्याच्या कोपऱ्यांपर्यंत नीट पोहोचतो. मात्र पावसाळ्यात त्यांच्या रिंगांच्या खाचांमध्ये ओल दडलेली असते. असा तुकडा सुमारे ७०० अंश तापलेल्या रसात बुडाला, तर पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन धातू अंगावर उडतो. म्हणून प्रत्येक तुकडा तेल पुसून, भट्टीच्या कडेवर १५० अंशांपुढे तापवूनच मुशीत (धातू वितळवण्याच्या भांड्यात) सोडावा. चिमटाही आधी गरम करावा. मूस काँक्रीटच्या फरशीवर नव्हे, कोरड्या वाळूच्या थरावर ठेवावी. ओलीमुळे रसात हायड्रोजनही विरघळतो आणि त्याची बारीक छिद्रे बहुधा लेथवर बोअर करताना, म्हणजे आतले भोक कोरतानाच, उघडी पडतात, तेव्हा तो भाग पुन्हा ओतावा लागतो.