मक्यावरची लष्करी अळी फोनने ओळखताय? या चुका टाळा

अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्ग्यात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. आता ती ओळखायला फोनमध्ये एआय आहे; केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली ऑगस्ट २०२४ पासून सुरू आहे. तरी ‘ॲप काहीही सांगतं’ ही तक्रार असतेच. माझ्या मते बऱ्याचदा घोटाळा फोटोतच असतो.

उभ्याउभ्या काढलेल्या फोटोत अळी नसतेच. ती पोंग्यात, म्हणजे झाडाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, स्वतःच्या भुशासारख्या विष्ठेखाली दडून बसते. ड्रोनचीही तीच गत: फाटकी पानं दिसतात, ती कुणी खाल्ली ते दिसत नाही. पोंगा उलगडा, अळी काडीने पानावर घ्या, ऊन असेल तर अंगाची सावली धरा आणि स्क्रीनवर नेमकं अळीवरच बोट टेकवून फोकस करा. डोक्यावरचा उलटा वाय सगळेच सांगतात, पण तशी पुसट खूण इतर अळ्यांवरही दिसते. शेपटीकडचे चौकोनात बसलेले चार ठळक ठिपके जास्त भरवशाचे. म्हणून फोटो दोन हवेत, डोक्याचा आणि शेपटीचा. अगदी बारीक अळीवर या खुणा उमटलेल्याच नसतात. तिथे ॲपला दोष देऊ नका.

ॲपने ‘९० टक्के’ म्हटलं की काहीजण थेट पंप उचलतात. तो आकडा ओळखीच्या खात्रीचा आहे, शेतातल्या नुकसानीचा नाही. नुकसान किती, ते शेतात नागमोडी फिरून, पाच ठिकाणची झाडं मोजूनच कळतं.

कॅमेऱ्याच्या कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी, म्हणजे ल्युर, असते; त्यामुळे त्यात फक्त नर पतंग येतात. आकडा शून्य दिसला तर खूश होण्याआधी ल्युर कधी बदलली ते आठवा. बोंडअळीची ल्युर हाताळून त्याच हाताने लष्करी अळीची बसवली, तर भलतेच पतंग येतात आणि कॅमेरा तेही मोजू शकतो. चिकट पत्र्यावर धूळ बसली असेल तर तो आधी बदला.

दोन फोटोंना दोन नावं आली, तर तिसरा काढत बसू नका. जिवंत अळी मक्याच्या पानासह कृषी विज्ञान केंद्रात न्या. मात्र एका डबीत एकच ठेवा; या अळ्या एकमेकींना खातात.